डावा आठ, उजवा नऊ

४ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणतेस, आत्या, फोन उचलत जा. उचलून काय करू? तू तिकडून ओरडतेस, मी इकडून 'काय? काय?' करते आणि शेजारच्या तीन घरांना आपल्या घरातलं सगळं कळतं. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये सुखात पडलं आहे. घातलं की पंख्याचा आवाज विमानासारखा येतो. म्हणून आपलं पत्र.

घरचा मोबाइल अजून फ्रिजवरच असतो, तोच जुना नंबर. परवा त्यावर तुझ्या कंपनीचा मेसेज आला. मागच्या वर्षी तू मला तुमच्या दुकानातून त्या मऊ चपला घ्यायला लावल्यास, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने नंबर आणि पत्ता लिहून घेतला होता. मला वाटलं, चपलांचंच काही असेल. चष्मा लावून वाचलं. जसंच्या तसं उतरवते: 'आपली कामाच्या बुटांची जोडी (डावा ८, उजवा ९) घेऊन सहा महिने झाले. तळवे तपासून घेण्यासाठी जवळच्या शाखेत अवश्य या.'

चार वेळा वाचलं. मग मशीनवर जाऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला. आता ते बिचारे काय म्हणतील कोण जाणे.

माझा पाय पाच नंबरचा. डावा आठ आणि उजवा नऊ असा एकच माणूस मला ठाऊक आहे. लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना डावा पाय चिरडला, बोटं गेली, तेव्हापासून आपण त्याच्यासाठी दोन जोड्या आणायचो आणि एकेक बूट माळ्यावर टाकायचो. तुला कशाला सांगते, तुझाच बाप तो. नऊ वर्षांत ना पत्र, ना फोन. ते उरलेले बूट मात्र माळ्यावर तसेच आहेत, टाकून देण्याचा धीर झाला नाही.

खारू, माझा धाकटा जिवंत आहे का गं? सहा महिन्यांपूर्वी कुठल्यातरी दुकानात उभा राहून त्याने बूट घेतले का? तू त्याच कंपनीत आहेस. एवढंच सांग.

तुझी,
आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,
सा. न.

पत्र मिळालं. आधी पँटवाल्या गिऱ्हाइकाची माफी माग.

आता नीट वाच, कारण हे समजावून सांगणं हेच माझं काम आहे आणि ते तुला अजून समजलेलं नाही. मी गोदामात काम करते असं तू जिने चढताना प्रत्येकाला सांगतेस. आमच्याकडे 'वेअरहाउस' म्हणतात ते खरं, पण त्यात एकही बूट नाही. आमच्या सगळ्या शहरांतल्या सगळ्या दुकानांत जे विकलं जातं त्याच्या नुसत्या नोंदी तिथे येऊन पडतात. आणि दुकानातल्या काउंटरवर प्रत्येक ग्राहकाचं एक पान असतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. मी एक क्वेरी लिहिली आहे, म्हणजे वेअरहाउसला विचारलेला एक प्रश्न: कोणी, कधी, कुठल्या मापाचं घेतलं? ती रोज सकाळी सहा वाजता चालते आणि उत्तरं उचलून ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये नेऊन ठेवते. ही सोय जानेवारीपासूनच सुरू झाली, म्हणून आधी असे मेसेज येत नव्हते.

कोणती नोंद कोणाची हे आम्ही फोन नंबरावरून ठरवतो, आणि नंबर काउंटरवर माणसंच टाइप करतात, त्यामुळे एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की एकाचे बूट दुसऱ्याच्या पानावर जातात, आणि मापंही कधीकधी घाईत चुकीची पडतात, आठ लिहायचे तिथे नऊ, तेव्हा तुझ्या पानावर आलेली ती नोंद अशा दोन चुका एकत्र होऊन आलेली असणार, हे जवळजवळ नक्की आहे.

मी ते दुरुस्त केलं आहे. पुन्हा मेसेज येणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
खारू


२० मार्च

चि. खारूस,

लहानपणापासून तू खोटं बोलताना वाक्यं लांब करतेस. काचेचा जग फुटला होता तेव्हाही मांजर कुठून आलं, कुठल्या खिडकीतून आलं, तिचा रंग कोणता, सगळं एका दमात सांगितलं होतंस. आपल्या मजल्यावर मांजर चढत नाही.

मी काल तुमच्या इथल्या शाखेत जाऊन आले. काउंटरवरची मुलगी चांगली आहे, कानाशी येऊन बोलते. म्हटलं, माझं पान दाखव. तिने स्क्रीन वळवली. माझ्या चपला होत्या. बुटांची जागा कोरी. ती म्हणाली, 'मावशी, इथे काहीतरी होतं, पण कंपनीनेच काढून टाकलंय.'

का काढलंस?

मी तुझ्याशी आता सरळ बोलते. तो गेला त्या सकाळी मी त्याला काय म्हणाले हे तुला माहीत नाही. अपघातानंतर दोन वर्षं तो कामावर गेला, मग दोन वर्षं खिडकीपाशी खुर्चीत बसून होता. पाय बरा झाला होता, काठी सुटली होती, तरी कामावर जाईना, बोलेना, आंघोळीला ऊठ म्हटलं तरी ऐकेना. तुझी आई गेलेली, तुझी शेवटची परीक्षा, आणि मी मशीनवर बसून एकटी किती रेटणार? मी म्हटलं, 'घरात माणसासारखं राहायचं नसेल तर किल्ली ठेव आणि जा.' त्याने खिशातून किल्ली काढली, चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि गेला. संध्याकाळी येईल म्हणून मी त्याच्या वाटचा चहा टाकला होता. तुला मी सांगितलं की काम शोधायला गेलाय. मीच त्याला घालवलं, खारू. नऊ वर्षं दिवसातून एकदा तरी ते वाक्य माझ्या कानात वाजतं, आणि तिथे मला अगदी स्पष्ट ऐकू येतं.

मला गावाचं नाव सांग. कुठल्या गावातल्या दुकानात घेतले एवढंच. बाकी मी बघून घेईन.

आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

दहा दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. यावेळी वाक्यं छोटी ठेवते.

मला माहीत होतं.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी ती नोंद उघडून पाहिली. नंबर चुकलेला नव्हता. सगळे आकडे बरोबर होते. काउंटरवर कोणीतरी नंबर विचारला आणि बाबांनी घरचा नंबर सांगितला. नऊ वर्षांनी. त्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे की नाही मला माहीत नाही. पण विचारलं तर तोंडातून आपलाच नंबर आला.

मला आनंद व्हायला हवा होता ना? मला राग आला. एवढा नंबर पाठ आहे तर फिरवता का आला नाही? मी उठून पाणी प्यायले आणि परत जागेवर येऊन क्वेरीत एक ओळ घातली: डाव्या आणि उजव्या पायाचं माप वेगळं असेल ती नोंद चुकीची समजावी आणि सोडून द्यावी. आमच्या कामात अशी गाळणी लावतात, कोणी विचारलंही नाही. एका ओळीत मी बाबांना पुन्हा घराबाहेर काढलं.

पुन्हा म्हणतेय, कारण पहिल्यांदाही मीच काढलं होतं. तुझी किल्लीची गोष्ट मला माहीत नव्हती, तशी माझी तुला माहीत नाही. त्या सकाळी ते खाली उतरत होते आणि मी क्लासहून वर येत होते. जिन्यात भेटले. म्हणाले, 'खारू, मी जरा जाऊन येतो.' मी म्हटलं, 'जा. घरातला माणूस कमी होणार नाही, फक्त खुर्ची रिकामी होईल.' ते मला जागा द्यायला भिंतीला टेकून उभे राहिले. मी वर निघून गेले, वळूनही पाहिलं नाही.

तेव्हा तू नाही घालवलंस. तू किल्ली मागितलीस, पण ते 'जाऊन येतो' म्हणत होते, म्हणजे येणार होते.

काल मी सगळं आमच्या वरिष्ठ बाईंना सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, 'पाय वेगवेगळ्या मापाचे असलेले एक्केचाळीस ग्राहक आहेत आपले. त्यांना तू तीन आठवडे माणसांतून उठवलंस. आधी ती ओळ काढ.' काढली. तुझ्या पानावर बाबांचे बूट परत आले असतील. आणि त्या म्हणाल्या की ओळखीच्या माणसाची नोंद दिसली की स्क्रीन मिटायची आणि त्यांना सांगायचं, आपण उघडायची नाही. यापुढे ते पान मी उघडणार नाही, तसं लिहून दिलं आहे.

म्हणून गावाचं नाव सांगणार नाही, आत्या. रागावू नकोस. सांगण्याची परवानगी नाही हे आहेच. पण ते बूट घ्यायला आले होते, सापडायला आले नव्हते. आपण दारात जाऊन उभ्या राहिलो आणि त्यांनी पुन्हा भिंतीला टेकून आपल्याला जागा करून दिली तर मी काय करू?

तुझी,
खारू


९ एप्रिल

चि. खारूस,

आधी रागावले. पत्राची घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. दुपारी काढून परत वाचलं. मग जिन्यातला तो भाग वाचून मी खाली बसले आणि खूप रडले. तुझ्यासाठी रडले गं. एकोणीस वर्षांची पोर एवढं मनात घेऊन नऊ वर्षं माझ्यासमोर जेवत होती आणि मला पत्ता नाही.

दोघींनी एकाच माणसाला घालवल्याचा मान आपापल्याकडे ठेवला होता. आता वाटून घेऊ.

बरं, ऐक. तू गाव सांगू नकोस. मी वेगळंच केलं. आज पुन्हा दुकानात गेले. ती मुलगी मला बघून हसायलाच लागली. मी विचारलं, 'माझं पान मला हवं तसं लिहून घेता येतं का?' ती म्हणाली, पान तुमचंच आहे, खाली सूचनेची एक जागा असते, कोणाला टाच दुखते, कोणाला नाडी नको, ते तिथे लिहितात. म्हटलं, आणि हा नंबर दुसऱ्या कुठल्या शाखेत कोणी सांगितला तर त्यांनाही ती सूचना दिसते? म्हणाली, 'दिसते तर! वाचून दाखवायचीच असते.'

मग मी तिला लिहायला सांगितलं: 'खुर्ची खिडकीपाशीच आहे. किल्ली स्टँडवरच आहे. कोणी रागावलेलं नाही.'

मुलीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, 'मावशी, हे बुटांबद्दल आहे का?' म्हटलं, होय बाई, बुटांबद्दलच आहे. तिने लिहिलं.

तुझ्या नियमात बसतं की नाही? माझंच पान, माझीच सूचना.

आत्या


१५ एप्रिल

आत्या,

घाईत लिहितेय, पत्र मिळताच दुकानात जा. नियमात बसतं. पण तुझी सूचना आता तिथे नाही.

चूक माझी आहे. माझी क्वेरी रोज सकाळी सहाला चालते तेव्हा वेअरहाउसमधून आणलेलं सगळं पान जसंच्या तसं प्रोफाइलवर ठेवते. विक्रीच्या नोंदी वेअरहाउसमध्ये असतात, पण काउंटरवर लिहिलेली सूचना तिकडे जातच नाही. त्यामुळे तिकडे कोरं, म्हणून इकडेही कोरं. तुझी सूचना एक दिवससुद्धा टिकली नसेल. जानेवारीपासून कोणाच्याच टिकल्या नाहीत. टाच दुखणारे लोक मला काय शिव्या देत असतील.

तुझं पत्र वाचलं आणि आधी त्यावरची तारीख पाहिली. मधल्या दिवसांत ते कुठेतरी जाऊन नंबर सांगून आले असतील आणि समोर कोरी जागा आली असेल तर?

बाईंसमोर बसून बदल केला. आता वेअरहाउसकडे एखादी गोष्ट नसेल तर प्रोफाइलमधली जुनी गोष्ट पुसायची नाही, राहू द्यायची. दोन शब्दांचा बदल होता. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

पुन्हा लिही. आणि माझ्याकडूनही एक वाक्य घाल: 'खारूला जिन्यातलं आठवतं.' त्यांना कळेल.

खारू


२२ एप्रिल

चि. खारूस,

लिहून आले. तुझं वाक्य सर्वांत आधी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं, होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. आता मी दारात दिसले की ती मुलगी अंगठा वर करून 'आहे' अशी खूण करते.

मी मात्र तुझ्या त्या सकाळच्या सहाची झाले आहे. सहाला डोळा उघडतो. आता तिकडे तुझा प्रश्न सुटला असेल, कोणी, कधी, कुठल्या मापाचं, असं म्हणत पडून राहते. मग उठून फ्रिजवरचा फोन बघते. काहीच नसतं. मग चहा.

बूट एवढे कसे टिकतात गं? पूर्वी त्याची जोडी आठ महिन्यांत झिजायची. उजव्या पायावर भार देऊन चालायचा ना. चालत असू दे बाबा कुठेतरी, झिजू दे लवकर, असं मनात येतं. कोणाच्या बुटांना भोकं पडावीत म्हणून वाट बघणारी मी पहिलीच.

माळ्यावरचे एकेक बूट उतरवून पुसले. सहा निघाले.

आत्या


९ जुलै

चि. खारूस,

तुझ्या चार पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावली असशील. तब्येत बरी आहे. लिहिलं नाही कारण भीती वाटत होती. बोललं की बिघडेल असं वाटत होतं.

वीस जूनला मेसेज आला. तुला कळवला नाही, क्षमा कर. 'आपल्या कामाच्या बुटांची (डावा ८, उजवा ९) मागणी नोंदवली आहे. जोडी बनवून नोंदवलेल्या पत्त्यावर पोहोचवली जाईल.' पत्ता आपला. घराचा नंबर, मजला, सगळं.

तेव्हापासून मी घराबाहेर पडले नाही. दूध आणायला शेजारणीला पाठवलं. ती म्हणाली, पाय मुरगळला का? म्हटलं, हो, मुरगळला.

आज सकाळी मी दारातच बसले होते, माणूस खोकं देऊन गेला. घेतलं, स्टँडच्या खालच्या फळीवर ठेवलं, जिथे त्याचे असायचे. उघडलेलं नाही. त्याने उघडावं.

पण खारू, तू हुशार आहेस, मला समजावून सांग. ही कोणाची चूक तर नाही ना? माझं पान, माझा पत्ता, म्हणून मशीनने आपोआप इकडे पाठवलं असेल. तो तिकडे वाट बघत बसला असेल आणि त्याचे बूट माझ्या दारात. तसं असेल तर सांग. वाक्य लांब केलंस तरी चालेल.

आत्या


१३ जुलै

प्रिय आत्या,

चूक नाही.

ते पान मी उघडलेलं नाही, उघडणारही नाही. पण दुकानाची रीत मला पाठ आहे. मागणी घेताना काउंटरवरचा माणूस आधी सूचना वाचून दाखवतो. मग पत्ता मोठ्याने वाचतो आणि विचारतो, 'इथेच पाठवायचं ना?' ग्राहक 'हो' म्हणाला तरच पुढे जाता येतं. आपोआप काही होत नाही.

म्हणजे बाबांनी तिथे उभं राहून आपलं सगळं ऐकलं. खुर्ची, किल्ली, जिना. मग आपल्या घराचा पत्ता ऐकला. आणि हो म्हणाले.

मी दोन आठवड्यांची रजा टाकली आहे. बाईंनी कारण विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, सहाची क्वेरी मी बघेन. शनिवारी येते. सोबत एक चिठ्ठी आहे. ती न वाचता, खोकं जरासं उचकटून उजव्या बुटात ठेव. वाचशीलच, मला माहीत आहे.

तुझी,
खारू


*

बाबा,

मी त्या दिवशी जिन्यात जे म्हटलं ते खोटं होतं. तुम्ही गेल्यावर माणूसच कमी झाला. खुर्चीत आम्ही कोणीच बसलो नाही.

तुम्ही घरचा नंबर सांगितलात हे मला मार्चमध्येच कळलं होतं. आधी राग आला. मग रोज सकाळी सहाला वाटायचं, आज पुन्हा सांगाल.

शनिवारी सकाळी दहापर्यंत मी पोहोचते. माझ्याकडे किल्ली नाही. बेल वाजवेन. आत्याला आता बेल ऐकू जात नाही, दार तुम्हालाच उघडावं लागेल.

खारू